वाटा कागदावर, माल काकाच्या घरात

हिंदू कोड बिलावर चर्चा निघाली की आमच्यात कोणीतरी हमखास म्हणतो, "मुसलमान बाईला वारसाहक्क सातव्या शतकातच मिळाला." खरे आहे. पण वाटा ठरणे वेगळे आणि तो हातात पडणे वेगळे. इस्लामी कायद्याचा इतिहास आम्ही वाचतो तो या दुसऱ्या प्रश्नासाठी.

हदीसमधली हकिकत अशी. इ.स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत साद बिन रबी मारले गेले. त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. विधवा आणि दोन मुली रिकाम्या हाताने उरल्या. ती बाई गप्प बसली नाही, थेट पैगंबरांकडे गेली. त्यानंतर वारशाची आयत उतरली, असे परंपरा सांगते. भावाला हुकूम झाला: चोवीस हिश्शांपैकी मुलींना सोळा, विधवेला तीन, उरलेले पाच तुझे. लक्षात घ्या, तक्रार कोणा परक्या चोराविरुद्ध नव्हती, मुलींच्या सख्ख्या काकाविरुद्ध होती.

अनाथांचा माल खाणाऱ्याला कुराणाच्या चौथ्या सूरेत आगीची भीती घातली आहे. पण तेवढ्यावर भागवलेले नाही. माल परत देताना साक्षीदार ठेवा, असेही तिथेच सांगितले आहे. पुढे कायदेपंडितांनी मृताचा कारभार पाहणाऱ्या 'वसी'ला काझीच्या देखरेखीखाली आणले. त्याने अफरातफर केली तर काझी त्याला काढू शके. जेरुसलेमच्या हरम अल-शरीफमध्ये १९७० च्या दशकात जुन्या कागदांचा मोठा साठा सापडला. त्यात चौदाव्या शतकाच्या अखेरच्या, मृत किंवा मरणासन्न माणसांच्या मालमत्तेच्या याद्या आहेत. गरिबांच्या आहेत, बायकांच्याही आहेत. कपडे, भांडी, सगळे लिहिलेले. यादी झाली की लपवणे अवघड जाते.

मग राखणदारच खाऊ लागला तर? उस्मानी साम्राज्यात तेही घडले. वाटणीवर काझीला शुल्क मिळे. म्हणून वारस सज्ञान असून कोणी मागणी केली नसतानाही काही काझी वाटणीत घुसत. ते थांबवायला सुलतानांना फर्माने काढावी लागली.

भारतात १९१८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे इमामबांदी खटला आला. आईने अज्ञान मुलांचा स्थावर हिस्सा विकला होता. निकाल अमीर अली यांनी लिहिला: ही विक्री मुलांवर बंधनकारक नाही. मुलांची जमीन वाचवणारा नियम म्हणून आम्हाला तो पटतो. पण त्याच निकालाने मालमत्तेच्या पालकांचा क्रमही पक्का केला: बाप, बापाने नेमलेला वसी, आजोबा, आजोबांचा वसी, आणि यांपैकी कोणी नसेल तर न्यायालय नेमेल तो. बापाने, आजोबांनी वसी म्हणून किंवा न्यायालयाने नेमले नाही तर आईला या यादीत आपोआप जागा नाही. सादची विधवा, जिच्या तक्रारीतून मुलींचा वाटा ठरला, तीही या यादीत आपोआप बसली नसती.