मिठातल्या बंधाची कुळकथा

आयनिक बंधाची कथा लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सुरू होते. 1807 साली हम्फ्री डेव्हीने पोटॅश आणि कॉस्टिक सोडा यांतून विजेचा प्रवाह सोडून पोटॅशियम आणि सोडियम हे धातू वेगळे केले. जे विजेने तुटतं ते विजेनेच जोडलेलं असणार, हा विचार तेव्हापासून बळावला. स्वीडनच्या बर्झेलियसने तर प्रत्येक संयुग म्हणजे धन आणि ऋण भागांची जोडी, असंच मांडलं. 1834 मध्ये डेव्हीचा शिष्य मायकेल फॅरेडे याने, प्रवाह सुरू असताना विद्युतअग्रांकडे सरकणाऱ्या घटकांना ‘आयन’ म्हटलं.

हे आयन येतात कुठून? स्वीडनच्याच स्वांते अऱ्हेनियसने 1887 मध्ये ठामपणे सांगितलं की, मीठ पाण्यात विरघळताच त्याचे आयन सुटे होतात. त्यासाठी प्रवाह लागत नाही. याच विषयावरच्या त्याच्या 1884 च्या प्रबंधाला उप्साला विद्यापीठाने खालची श्रेणी दिली होती. 1903 मध्ये त्याला नोबेल मिळालं.

पण कोरड्या मिठात हे घटक कसे रचलेले असतात? हे कोडं 1913 मध्ये सुटलं. लॉरेन्स ब्रॅगने क्ष-किरणांच्या आधारे मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली आणि तिच्यात सोडियम-क्लोरीनची ‘जोडी’ कुठेच सापडली नाही. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. सैंधवाचा खडा सपाट, काटकोनी का फुटतो, तेही या रचनेतून कळतं. घावाने एक थर किंचित सरकला की सजातीय आयन समोरासमोर येतात, एकमेकांना ढकलतात आणि खडा तिथेच दुभंगतो. ही बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी हेन्री आर्मस्ट्राँग या वयोवृद्ध रसायनशास्त्रज्ञाला 1927 मध्येही पटली नव्हती.

सोडियमने इलेक्ट्रॉन दिला, क्लोरीनने घेतला आणि दोघे स्थिर झाले, असं आपण शाळेत शिकतो. 1916 मध्ये वाल्टर कोसेलने इलेक्ट्रॉनच्या याच देवघेवीवर बंधाची उपपत्ती उभारली. पण नुसती देवघेव तोट्याची आहे. वायुरूप सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे 496 किलोज्यूल लागतात आणि क्लोरीन तो घेताना 349 परत मिळतात. 147 ची तूट भरून काढतं ते विजातीय प्रभारांमधलं आकर्षण, कुलोंबने 1785 मध्ये मोजलेलंच.

ते किती, याचा हिशेब एर्विन माडेलुंगने 1918 मध्ये मांडला. कोणताही एक आयन घ्या. सर्वांत जवळचे सहा विजातीय आयन त्याला ओढतात, पुढचे बारा सजातीय ढकलतात, त्यापलीकडचे आठ पुन्हा ओढतात. ही बेरीज-वजाबाकी अखेर 1.7476 वर स्थिरावते. म्हणजे तेवढ्याच अंतरावरच्या एकट्या जोडीपेक्षा स्फटिकातलं आकर्षण पाऊणपट जास्त. माक्स बॉर्न आणि आल्फ्रेड लांडे यांनी त्यात इलेक्ट्रॉनकवचांचं प्रतिकर्षण मिळवलं. 1919 मध्ये बॉर्न आणि फ्रिट्झ हाबर यांच्या ऊर्जाचक्रामुळे स्फटिक बांधून ठेवणारी ही ऊर्जा प्रयोगातल्या आकड्यांवरूनही काढता येऊ लागली. मिठासाठी ती मोलमागे सुमारे 787 किलोज्यूल.

मॅग्नेशियम ऑक्साइडची रचना मिठासारखीच, पण दोन्ही आयनांवरचा प्रभार दुप्पट आणि अंतर कमी. त्यामुळे ऊर्जा 3800 च्या आसपास जाते. मीठ 801 अंश सेल्सियसला वितळतं, तर हे ऑक्साइड 2800 च्याही वर टिकतं; म्हणूनच पोलादाच्या भट्ट्यांना आतून त्याच्या विटा लावतात. डेव्हीला विजेची जी शक्ती जाणवली होती, तिचं बळ एका जोडीत मावत नाही. ते अख्ख्या स्फटिकाचं असतं.