दोलाब्रा

रोमन सैनिक म्हटला की ढाल, शिरस्त्राण आणि ती आखूड तलवार, ग्लॅडियस. सिनेमावाल्यांची कृपा! दोलाब्रा मात्र कुणाला आठवत नाही. एका बाजूला कुऱ्हाडीचं पातं, दुसऱ्या बाजूला टिकावाचं टोक. 'दोलारे' म्हणजे तासणं, त्यावरून हे नाव. (सिसेरोच्या जावयाचं नाव दोलाबेल्ला, म्हणजे चक्क 'छोटा टिकाव'. आपल्याकडे कुऱ्हाडे आहेतच की.)

पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसिफस आधी रोमनांविरुद्ध लढला, मग त्यांच्याच छावणीत राहिला. पायदळाच्या अंगावरचं सामान त्याने नोंदवून ठेवलंय: करवत, टोपली, कुदळ, कुऱ्हाड, चामडी पट्टा, कोयता, साखळी, वर तीन दिवसांचा शिधा. सैनिकात आणि खेचरात फारसा फरक नाही, म्हणतो.

त्याने लिहिलं ग्रीकमध्ये. लॅटिन नावं शेजारी मांडली - कुऱ्हाड म्हणजे सेकुरिस, कोयता म्हणजे फाल्क्स - की गंमत दिसते. इ.स.पू. १६०च्या सुमारास केटोने शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात २४० युगेरांच्या, म्हणजे साधारण १५० एकरांच्या ऑलिव्हच्या मळ्याला लागणारी अवजारं दिली आहेत: खणायचे पाला (झाडाचा नव्हे!) ४, माती ओढायचे रुत्रुम ५, सेकुरिस ३, फाल्क्स तर तीन तऱ्हांचे. म्हणजे छावणीतली बरीचशी नावं शेतातूनच आलेली.

शत्रूला दोलाब्राने जिंकावं, म्हणजे खोदकाम-बांधकामाने, असं सेनापती कोर्बुलो म्हणायचा. इ.स. २१ मध्ये गॉलमधल्या बंडात ते शब्दशः घडलं. बंडखोरांनी नखशिखान्त लोखंडात मढवलेले गुलाम पुढे उभे केले होते. शस्त्रं चालेनात, तेव्हा सैनिकांनी कुऱ्हाडी आणि दोलाब्रा काढले आणि भिंत फोडावी तशी ती माणसं फोडली. वाचताना अंगावर काटा येतो.

या कोर्बुलोची आणखी एक गोष्ट टॅसिटस सांगतो. साल इ.स. ४७, ऱ्हाइनकाठ. एक सैनिक तटासाठी माती खणत होता, पण कमरेला तलवार नव्हती. दुसरा खणत होता, त्याच्याजवळ नुसता खंजीर. दोघांनाही मृत्युदंड! यात अतिशयोक्ती असावी, असं टॅसिटसच म्हणतो. असेलही. पण वाकून टिकाव मारताना कमरेची तलवार किती नडत असेल, हे खणणाऱ्यालाच विचारा.