गोत, लवाद आणि मध्यस्थ

जुन्या मराठी कागदपत्रांत ‘यजितखत’ या नांवाचा एक दस्तऐवज वारंवार आढळतो. वतनाच्या तंट्यांत जो पक्ष खोटा ठरे, त्यानें तो जिंकणाऱ्यास लिहून द्यावयाचा असे. आपण वाद सांगितला, तो गोतांत खोटा झाला, आतां या वतनाशीं आपला अर्थाअर्थीं संबंध नाहीं, पुढें कथळा केल्यास आपण गोताचे व दिवाणाचे गुन्हेगार, अशा आशयाचा मजकूर त्यांत असे. निवाड्याचा महजर जिंकणाऱ्याच्या हातीं पडलाच असतां हरलेल्याकडून हें वेगळें पत्र कां घेत, असा प्रश्न आजच्या वाचकास पडेल. आमच्या मतें त्या काळच्या न्यायपद्धतीचें मर्म या प्रश्नाच्या उत्तरांतच आहे. नुसत्या निकालानें तंटा संपतो, यावर त्या लोकांचा विश्वास नव्हता. दोघांनाही पुढें त्याच गांवांत, त्याच पाणवठ्यावर नांदावयाचें होतें. तेव्हां हरलेल्याच्या कबुलीवांचून निकाल अपुरा, असें ते मानीत.

ही कबुली शेवटीं मिळावी म्हणून तिची बांधणी आरंभापासूनच केलेली असे. वादी व प्रतिवादी या दोघांकडून प्रथम राजीनामा घेत, म्हणजे ‘अमुक गोत करील तो निवाडा आम्हांस मान्य’ असें लिहून घेत, आणि वर्तणुकीबद्दल जामीन घेत. मग दोघांच्या तकरिरा होत. त्यानंतर गोही-साक्षी, जुनीं पत्रें, शेजारच्या गांवच्या वडीलधाऱ्यांची विचारपूस. एखाद्यास आपल्या गांवच्या गोताचा भरंवसा नसला तर तो दुसरें थळ मागे, आणि तेथें वाद नव्यानें उभा राही. पुराव्यानें कांहींच उलगडा होईना म्हणजे दिव्याची पाळी येई. उकळत्या तेलातुपांतून रवा काढण्यापर्यंत मजल जाई. सरतेशेवटीं महजरावर पाटील नांगराची निशाणी करी व बलुतेदार आपापल्या हत्याराची. दिवाण जिंकणाऱ्याकडून हरकी घेई आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. न्याय फुकट मिळे असें जें कित्येक अभिमानी लेखक लिहितात, त्यांनीं या दोन रकमांकडे एकवार पाहावें.

याहून मोठी शंका दुसरीच आहे. गोतापुढें दिलेली कबुली मनापासूनची किती आणि धाकाची किती? गोतसभेंत महारापर्यंत सर्वांच्या निशाण्या असत हें खरें, आणि त्याचें आम्हांस कौतुकही आहे. पण निशाणी करावयास मिळणें आणि बोलावयास मिळणें या दोन भिन्न गोष्टी होत. गांवानें वाळींत टाकण्याचें भय ज्याच्या डोक्यावर आहे, त्याच्या ‘राजीनाम्या’ंत राजीखुशी कितीशी असणार? हें भय जुनें झालें असें कोणी समजूं नये. जातपंचायतींच्या जुलमाला आळा घालण्यासाठीं महाराष्ट्रास सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, तो इ. स. २०१६ सालीं.

पेशवाई बुडाल्यावर या पद्धतीची पहिली बारकाईची पाहणी एका परकीयानें केली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें जिंकलेल्या मुलुखाचा जो अहवाल इ. स. १८१९ च्या ऑक्टोबरांत पाठविला, त्यांत पंचायतीचे दोष त्यानें मुळींच झांकले नाहींत. पंच वेळेवर जमत नाहींत, काम महिनोगणती रेंगाळतें, निकालाची बजावणी सरकारच्या मर्जीवर राहते, आणि सावकाराला पंचापेक्षां दारीं धरणें धरून तगादा लावणेंच सोईचें वाटतें, हें सारें त्यानें नमूद केलें. तरीही, माणसें ज्यांस ओळखतात आणि ज्यांची रीतभात स्वतःच्या रीतीसारखी आहे, त्यांच्याकडून झालेला न्याय रयतेस पटतो, या कारणानें पंचायत राखावी असेंच त्याचें मत पडलें. ती राहिली मात्र नाहीं. इ. स. १८२७ च्या कायदेसंग्रहानें अदालतीची चौकट पक्की झाली. हरण्याचें भय ज्यास आहे तो पंचांकडे येईना, कारण त्यास दुसरें दार उघडें होतें. पंचांस पगार नव्हता, आणि आतां पूर्वीचा मानही उरला नाहीं. इंग्रजांनीं पंचायत हुकूम काढून मारली असें म्हणण्यापेक्षां तिच्या शेजारीं अदालत उभी केली आणि ती वाळली, हें म्हणणें अधिक यथार्थ होईल.

अदालतीचे चटके लौकरच बसले. रोखा सावकाराच्या हातचा, लिहिणारा त्याच्याच ओळखीचा, आणि कुणबी निरक्षर. तो कोर्टांत हजरच होत नसे व हुकूमनामा एकतर्फी होई. इ. स. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व रोखे जाळले, आणि तो वणवा पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. जाळावयास त्यांनीं कागद निवडला, यांत त्यांची समज दिसून येते.

याच सुमारास पुण्यांत सार्वजनिक सभेच्या मंडळींनीं लवाद कोर्ट काढलें. त्यांतील पुढारी गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणत, हे स्वतः वकील होते. ज्यानें दाव्यांवर पोट भरावयाचें, त्यानेंच दावे कोर्टाबाहेर मिटविण्याची खटपट करावी, हें त्या पिढीच्या निःस्पृहतेचें उत्तम उदाहरण होय. सरकारनेंही इ. स. १८७९ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्यांत हीच कल्पना उचलली. पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांत ‘कन्सिलिएटर’ म्हणजे तडजोड करून देणारे गृहस्थ नेमले गेले. पोलिसाखेरीज कोणासही ही नेमणूक मिळूं शकत असे, व त्यांच्यापुढें वकिलास मज्जाव होता. शेतकऱ्यावर दावा लावावयाचा तर ‘तडजोड झाली नाहीं’ असा त्यांचा दाखला आधीं आणावा लागे. तडजोड झाली तर ती कोर्टांत दाखल होऊन तिला हुकूमनाम्याचें बळ येई.

योजना कागदावर निर्दोष दिसते. पण कन्सिलिएटराचें शिक्षण कांहीं नव्हतें, आणि समोर बसलेल्या दोघांत एक धनको व एक त्याच्याच दाण्यावर पावसाळा काढणारा. सावकारास तो दाखला म्हणजे कोर्टाच्या वाटेवरचा आणखी एक नाका झाला. आणि जेथें तडजोड झाली तेथें ती कोणाच्या बाजूनें झुकली असेल, हें सांगावयास ज्योतिषी नको. या कायद्याखालीं न्यायाधिकारी म्हणून न्यायमूर्ति रानड्यांनीं जिल्ह्याजिल्ह्यांतील कोर्टें वर्षानुवर्षें फिरून तपासलीं. तसली तपासणी गांवोगांवच्या दिवाणखान्यांत बसलेल्या कन्सिलिएटराच्या वांट्यास येती, तर निराळें घडतें असें आम्हांस वाटतें.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. लवाद हा निकाल देतो; मध्यस्थ देत नाहीं. मध्यस्थ दोघांस बोलतें करतो, प्रसंगीं एकेकट्याशीं बोलतो, आणि तोड निघाली तर ती पक्षकारांची स्वतःची असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८९ व्या कलमानें इ. स. २००२ पासून कोर्टांस असे वाद बाहेर सोपविण्याची वाट मिळाली, पुढें मध्यस्थांसाठीं ४० तासांचें शिक्षण ठरलें, आणि इ. स. २०२३ मध्यें मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा झाला. दाव्यापूर्वीं मध्यस्थी सक्तीची करावी असा मूळ मसुद्यांतील विचार होता. तो सोडून देऊन ती ऐच्छिक ठेवली, हें १८७९ चा इतिहास पाहतां शहाणपणाचेंच झालें. काम साधारणपणें १२० दिवसांत उरकावयाचें, आणि तेथें झालेलें बोलणें गुप्त राहावयाचें. गोताचा सारा जोर चव्हाट्यावर होता, येथें सारा जोर बंद दारावर आहे. नवराबायकोच्या किंवा भावाभावांच्या तंट्यांत बंद दार हें वरदानच; परंतु मोठी पेढी आणि एकटा ग्राहक समोरासमोर बसले म्हणजे, आंत काय झालें हें बाहेर कोणीच पाहिलेलें नसतें. तेथें सारी भिस्त मध्यस्थाच्या तयारीवर आणि सचोटीवर.

त्याच कायद्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तंट्यांसाठीं तीन मध्यस्थांच्या मंडळाची तरतूद आहे. वस्तींतील शांतता बिघडविणारे वाद त्यांनीं दोन्ही पक्षांच्या संमतीनें मिटवावेत. इतर मध्यस्थींतील करारास हुकूमनाम्याची किंमत आहे. या मंडळापुढें झालेल्या तडजोडीस मात्र ती मुद्दाम दिलेली नाहीं. ती पाळली जाईल ती केवळ दोघांनीं शब्द दिला म्हणून, आणि उद्यां सकाळीं त्याच जिन्यावर पुन्हां गांठ पडावयाची आहे म्हणून. जामीन नाहीं, हरकी नाहीं, गुन्हेगारी नाहीं आणि यजितखतही नाहीं, कारण येथें हरलेला असा कोणी ठरलेलाच नसतो.