नकाशावरचे ठिपके आणि यादीचे मालक

घर शोधणाऱ्या माणसाला संगणकावर नेमकं काय दिसायला हवं, याचं चांगलं उत्तर १९९२ सालीच तयार होतं. साध्या माणसाच्या हातात त्या तोडीचं काही यायला २००५ उजाडलं. तेरा वर्षं! आपल्या धंद्यात तेरा वर्षांत तीन-चार भाषा जन्माला येऊन म्हाताऱ्या होतात. मग अडलं कुठे? मी हे प्रकरण वाचायला घेतलं तेव्हा वाटलं होतं की मशीन हळू असतील, इंटरनेट नसेल वगैरे. ते होतंच. पण खरी भानगड वेगळी निघाली.

आधी १९९२. वॉशिंग्टन शहराला लागून असलेल्या कॉलेज पार्कला मेरीलँड विद्यापीठ आहे. तिथे बेन श्नायडरमन या प्राध्यापकांनी १९८३ मध्ये माणूस आणि संगणक यांच्यातल्या व्यवहाराचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा काढली. क्रिस्टोफर विल्यमसन आणि श्नायडरमन या दोघांनी मिळून 'डायनॅमिक होमफाइंडर' नावाचा प्रोग्रॅम बनवला. तेव्हा ब्राउझर म्हणजे काय हे चार संशोधक सोडले तर कोणाला माहीत नव्हतं. मोझेक आला तो पुढच्या वर्षी.

डोळ्यासमोर आणा. पडद्यावर वॉशिंग्टनचा नकाशा, आणि विकायला असलेलं प्रत्येक घर म्हणजे त्यावर एक उजळ ठिपका. शेजारी सरकपट्ट्या: किंमत, बेडरूम किती. गॅरेज, फायरप्लेस वगैरेसाठी बटणं. सरकपट्टी ओढली की ठिपके तिथल्या तिथे विझायचे किंवा पेटायचे. 'सर्च' बटण दाबून वाट बघणं हा प्रकारच नाही. हात हलतोय तोवर उत्तर बदलत राहायला हवं, एका सेकंदाच्या दहाव्या भागात, हा त्यांचा हट्ट होता.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: नकाशावर 'ए' आणि 'बी' अशी दोन ठिकाणं तुम्ही स्वतः ठेवायची. मग 'ए पासून किती लांब' आणि 'बी पासून किती लांब' अशा दोन वेगळ्या सरकपट्ट्या. म्हणजे बघा, नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीत आणि बायकोचं खराडीत असेल, तर हा प्रश्न त्या प्रोग्रॅमला पहिल्या दिवसापासून कळत होता. घर दोघांनी शोधायचं असतं हे कोडमध्ये लिहिणाऱ्याला मी मनोमन हात जोडले.

यात एवढं काय मोठं, असं आज वाटेल. पण त्या काळची पद्धत आठवा. डेटाबेसला प्रश्न विचारायचा म्हणजे क्वेरी लिहायची: किंमत इतक्यापेक्षा कमी, बेडरूम इतक्या, भाग अमुक. एंटर. उत्तर: शून्य ओळी. जरा सैल केलं की सातशे ओळी. आणि शून्य आलं तर ते किंमतीमुळे आलं की बेडरूममुळे, हे कळायला मार्ग नाही. सरकपट्टी ओढताना ते दिसतं. बजेट थोडं वाढवलं तर काहीच फरक पडत नाही, पण ऑफिसपासून आणखी चार किलोमीटर लांब जायची तयारी ठेवली तर अचानक पंधरा ठिपके उजळतात. घर शोधणाऱ्याला सुरुवातीला स्वतःलाच माहीत नसतं आपण कशावर तडजोड करणार आहोत. ते त्याला बाजार बघूनच कळतं. होमफाइंडरने हे ओळखलं होतं.

त्यांनी चाचणीही घेतली. पदवीचे अठरा विद्यार्थी, आणि घर शोधायच्या तीन पद्धती: एक होमफाइंडर, दुसरी कागदावर छापलेली यादी, आणि तिसरी साध्या इंग्रजीत प्रश्न टाइप करायची सिस्टिम. सरकपट्ट्यांनी दोघांनाही वेगात स्पष्ट मागे टाकलं. (२०२३ मध्ये झिलो या अमेरिकन साइटने साध्या इंग्रजीत प्रश्न टाइप करून घर शोधायची सोय दिली, आणि आता तर ज्याला त्याला चॅटमधूनच सगळं शोधायचंय. १९९२ ची ती सिस्टिम आजच्या मॉडेलांसमोर अगदीच बाळ होती हे खरं, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा लागू करू नये. पण 'तुला काय हवंय ते सांग' या प्रश्नाला घर शोधणाऱ्याकडे उत्तरच नसतं, ही अडचण कुठे गेली?)

ही कल्पना वाया गेली असंही नाही. त्याच प्रयोगशाळेत क्रिस्टोफर आलबर्ग नावाचा स्वीडिश विद्यार्थी होता. त्याने श्नायडरमनबरोबर हेच तंत्र सिनेमे शोधायला वापरलं आणि पुढे १९९६ मध्ये स्पॉटफायर ही कंपनी काढली. टिब्कोने ती २००७ मध्ये १९.५ कोटी डॉलरना विकत घेतली. म्हणजे औषध कंपन्यांना सरकपट्ट्या मिळाल्या, तेल कंपन्यांना मिळाल्या. घर शोधणारे मात्र अजून यादी चाळत होते.

का? तर यादी त्यांची नव्हती.

अमेरिकेत घरविक्रीच्या याद्या असतात 'मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस' या व्यवस्थेत. एका ब्रोकरकडे विकायला आलेलं घर तो या सामाईक यादीत टाकतो, दुसरा ब्रोकर गिऱ्हाईक आणतो, दलाली दोघांत वाटली जाते. व्यवस्था म्हणून हुशारीची आहे. पण अनेक वर्षं ही यादी जाडजूड पुस्तकाच्या रूपात छापली जायची आणि ती ब्रोकरांसाठीच असायची. गिऱ्हाइकाने एजंटच्या टेबलापलीकडे बसायचं आणि तो दाखवेल ती पानं बघायची. एजंटचं मोल त्या पुस्तकात होतं. सगळं शहर एका नजरेत दाखवणारं यंत्र गिऱ्हाइकाच्या हातात देणं यात त्याला काय रस असणार! पुढे नव्वदीत याद्या वेबवर येऊ लागल्या, पण कोणी किती दाखवायचं याची ओढाताण चालूच राहिली. इतकी, की २००५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या न्याय खात्याने ब्रोकरांच्या राष्ट्रीय संघटनेवरच खटला भरला, कारण तिच्या नियमांमुळे इंटरनेटवरच्या ब्रोकरांना याद्या पूर्ण दाखवता येत नव्हत्या. तो २००८ मध्ये तडजोडीने मिटला.

दरवाजा उघडला तो भलत्याच बाजूने, म्हणजे भाड्याच्या घरांच्या. सॅन फ्रान्सिस्कोत क्रेग न्यूमार्कने १९९५ मध्ये मित्रांना ईमेल पाठवत सुरू केलेली क्रेग्जलिस्ट एव्हाना भाड्याच्या जाहिरातींचा मोठा बाजार झाली होती. दिसायला अगदी भकास. निळ्या लिंकांची रांग, बास. पण ती सगळ्यांना दिसत होती, आणि जाहिरातीत बऱ्याचदा पत्ता असायचा. ८ फेब्रुवारी २००५ ला गूगल मॅप्स आलं. ड्रीमवर्क्स अॅनिमेशनमध्ये काम करणारा पॉल रॅडमाकर तेव्हा त्या भागात घर शोधत होता. एकेक जाहिरात उघडा, तिचा पत्ता नकाशावर बघा, पुन्हा मागे या... हा ताप त्यालाही होताच. गूगलने तेव्हा बाहेरच्यांसाठी एपीआय दिलेलं नव्हतं. त्याने मॅप्सचं जावास्क्रिप्ट उलगडून बघितलं, क्रेग्जलिस्टच्या जाहिराती उचलल्या, पत्ते नकाशावर ठिपक्यांसारखे टोचले आणि एप्रिलमध्ये हाउसिंगमॅप्स लोकांसमोर ठेवलं.

गंमत बघा. नकाशा त्याचा नाही, यादी त्याची नाही, परवानगी कोणाचीच नाही. दोघांपैकी कोणीही एक कडक पत्र पाठवलं असतं तर खेळ संपला असता. गूगलने उलट २९ जूनला अधिकृत एपीआय जाहीर केलं आणि रॅडमाकरला नोकरी दिली. क्रेग्जलिस्टनेही ते चालू दिलं. 'मॅशअप' हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी झाला. माझ्या मते त्या वर्षी तंत्रापेक्षा मोठी गोष्ट घडली ती हीच, की यादीवाल्याने डोळेझाक केली.

डोळेझाक म्हणजे हक्क नव्हे, हे पुढे कळलं. पॅडमॅपर नावाची साइट क्रेग्जलिस्टच्या जाहिराती जास्त छान नकाशावर दाखवायची. जून २०१२ मध्ये तिला नोटीस आली. तिने मग थ्रीटॅप्स या मधल्या कंपनीकडून तोच डेटा घेतला, आणि जुलैत दोघांवर खटला. त्याच सुमारास क्रेग्जलिस्टने जाहिरात टाकणाऱ्यांकडून 'या मजकुराचे एकमेव हक्क आम्हाला' असं कबूल करून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे माझी खोली भाड्याने द्यायची, मजकूर मी लिहायचा, आणि तो दुसरीकडे दिसावा की नाही हे तुम्ही ठरवणार? बोंबाबोंब झाल्यावर काही आठवड्यांत ती अट मागे घेतली. खटला मात्र २०१५ पर्यंत चालला आणि थ्रीटॅप्सने १० लाख डॉलर देऊन तो मिटवला. दरम्यान २०१२ संपायच्या आत क्रेग्जलिस्टने स्वतःचा नकाशा आणला होता. वीस वर्षांपूर्वीची कल्पना, शेवटी यादीच्या मालकाने, त्याच्या सोयीने.

आपल्याकडे गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. २०१२ मध्येच मुंबईत आयआयटीच्या पोरांनी हाउसिंग डॉट कॉम काढलं, तेही नकाशावरच. पण इथे उचलायला कोणाची एकसंध यादीच नव्हती. एकच फ्लॅट चार एजंटांकडे चार भावांनी, फोटो पाचव्याच घराचे, आणि फोन केला की "तो आत्ताच गेला साहेब, दुसरा दाखवतो". मग त्यांनी काय केलं? माणसं नेमली आणि कॅमेरे देऊन घरोघर पाठवली, फ्लॅट खरंच आहे का बघायला. एवढे आयआयटीतले इंजिनियर, आणि कंपनीचं खर्चिक काम होतं जिने चढून दाराची बेल वाजवणं.