अस्थींचे मडके : बहाळच्या मातीपासून कुरिअरच्या खोक्यापर्यंत

#थ्रेड

१/ जळगाव किंवा धुळ्यातील जवळपास कोणत्याही पिनकोडवर आज तांब्याचा अस्थिकलश घरपोच मागवता येतो. झाकण, लाल वस्त्र, नाडा, हवे असल्यास कोरीव नाव. अडचण एकच : अस्थी सावडण्याचा विधी बहुधा तिसऱ्या दिवशी असतो आणि पार्सल कधीकधी चौथ्या दिवशी येते. तोवर कुंभाराचे मडकेच कामी येते. या मडक्याचा इतिहास खानदेशात तीन हजार वर्षांहून जुना आहे.

२/ चाळीसगाव तालुक्यातील बहाळ हे गिरणाकाठचे गाव इतिहासप्रेमींना यादवकालीन शिलालेखामुळे परिचित असते. १९५०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे थर उघडे झाले. नदीच्या पलीकडच्या काठावर टेकवाडा येथे त्याच काळातील दफने मिळाली आणि त्यांत मातीच्या कुंभांतील दफनेही होती. वस्ती एका काठावर आणि मृत दुसऱ्या काठावर, मध्ये गिरणा.

३/ येथे एक खुलासा आवश्यक आहे. हे कुंभ दफनाचे होते, दहनानंतरच्या राखेचे नव्हते. पुणे जिल्ह्यातील इनामगावात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना हीच पद्धत फार मोठ्या प्रमाणावर आढळली. मूल दगावले की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत, त्यांत ते मूल, आणि तो जोड घराच्या जमिनीखाली पुरत. प्रौढांना बहुधा खड्ड्यात, पावले तोडून पुरलेले दिसते. एक प्रौढ पुरुष मात्र चार पायांच्या, कच्च्या मातीच्या मोठ्या रांजणात बसलेल्या स्थितीत सापडला. त्याची पावले शाबूत होती. तो गावचा प्रमुख असावा, असा उत्खननकर्त्यांचा तर्क आहे. म्हणजे भांड्यावरून मृताची प्रतिष्ठा ठरवण्याची सवयही जुनीच.

४/ दहन आणि अस्थी यांचा मेळ गृह्यसूत्रांत दिसतो. आश्वलायन गृह्यसूत्राच्या चौथ्या अध्यायात अस्थिसंचयनाचा विधी फार बारकाईने दिला आहे. वयोवृद्धांनी विषम संख्येने जावे. अंगठा व अनामिका यांनी एकेक अस्थी उचलावी. सुरुवात पायांपासून, शेवट मस्तकाने. कुंभात ठेवताना आवाज होऊ देऊ नये. पुरुषासाठी कुंभ, स्त्रीसाठी कुंभी. आणि दोन्ही ‘अलक्षण’, म्हणजे कसलेही चिन्ह नसलेले.

५/ त्यानंतर काय? आजच्या वाचकाला उत्तर अनपेक्षित वाटेल. सूत्रकार तो कुंभ नदीत सोडायला सांगत नाही, खड्ड्यात पुरायला सांगतो. तोही अशा जागी, जिथे पावसाखेरीज इतर पाणी वाहून येत नाही. गंगेत किंवा अन्य तीर्थात अस्थिविसर्जनाचे माहात्म्य पुढे पुराणांनी आणि निबंधग्रंथांनी वाढवले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात या परंपरेची सविस्तर चर्चा केली आहे. ‘हे असेच अनादी काळापासून चालत आले आहे’ असे स्मशानात कोणी ठासून सांगू लागले, तर हा खंड स्मरावा. तेथे तो काढून दाखवू नये, इतकेच.

६/ बौद्ध परंपरेने तिसरी वाट घेतली. तिच्यात अस्थी विसर्जित करायच्या नसतात, जतन करायच्या असतात. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकलला, तेव्हा दगडी पेटीत एकात एक बसवलेले तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे करंडक निघाले. चाळीसगावपासून फार दूर नसलेल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांतही स्फटिकाचे करंडक मिळाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थी चैत्यभूमीच्या स्तूपात ठेवल्या गेल्या, त्या याच परंपरेला अनुसरून.

७/ आता गावगाड्याकडे. खानदेशच्या खेड्यात अस्थींचे मडके कधी ‘विकले’ जात नव्हते. कुंभार हा बलुतेदार. वर्षभर तो गावाला भांडी पुरवी आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा घेई. मर्तिकाचे मडके, विस्तव नेण्याचे गाडगे, पिंडाची छोटी बोळकी हे सारे त्याच हिशेबात. शोकात असलेल्या घराने किंमत विचारायची नाही आणि कुंभाराने सांगायची नाही, असा तो व्यवहार.

८/ मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू झाकता येत नाही. मृत्यूची वार्ता परगावी पोहोचवणे, सरणाची लाकडे वाहणे ही कामे महार समाजावर वतन म्हणून लादलेली होती आणि मोबदल्यात प्रेतावरचे वस्त्र त्याच्या वाट्याला येई. त्रिं. ना. आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गांवगाडा’ या ग्रंथात बलुत्याचा हा सारा पसारा नोंदलेला आहे. ही कामे सोडून द्या, हे आंबेडकरांचे आवाहन म्हणजे अंत्यविधीच्या श्रमविभागणीला दिलेला पहिला मोठा धक्का होता. मुंबई राज्याने १९५८च्या कायद्याने कनिष्ठ ग्राम वतने रद्द केली. त्यानंतर सांगावा, लाकडे, मडके या प्रत्येक गोष्टीला हळूहळू दाम आला. त्या दामाकडे केवळ ‘बाजारीकरण’ म्हणून पाहणे अपुरे आहे. ज्यांच्यावर ते काम जन्माने लादले होते, त्यांच्यासाठी दाम ही सुटकाही होती.

९/ अस्थी कुठे न्यायच्या, हे बरेचसे वाहनावर ठरत आले. खानदेशाला स्वतःची तीर्थे आहेत : तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव, तापी-गिरणेच्या संगमावरचे रामेश्वर, तापी-पांझरेच्या संगमावरचे मुडावद आणि ‘दक्षिण काशी’ म्हणवले जाणारे प्रकाशा. त्यांपलीकडे नाशिकचे रामकुंड. प्रयाग-काशी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरच. १८६०च्या दशकात जीआयपी रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत आली आणि मार्च १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. ज्या वाटेला महिने लागत, ती काही दिवसांवर आली. अस्थींचे गाठोडे मांडीवर घेऊन तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसलेला मुलगा हे दृश्य त्यानंतरच शक्य झाले.

१०/ त्याच १८७० सालाच्या अखेरीस एका मराठी राजाच्या चितेने युरोप चकित झाला. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडहून परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघे वीस. तेथे दहनाची मुभा नव्हती; खास परवानगी काढावी लागली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. पुढे त्या जागी स्मारक उभे राहिले आणि शेजारच्या आधुनिक पुलालाही ‘हिंदी माणसाचा पूल’ अशा अर्थाचे नाव मिळाले. त्या काळी युरोपात दहनाचा वाद नुकताच पेट घेत होता : १८७३च्या व्हिएन्ना प्रदर्शनात ब्रुनेत्तीने दहनयंत्र मांडले, १८७४ मध्ये इंग्लंडात दहनाचा पुरस्कार करणारी संस्था निघाली आणि १८८५ मध्ये वोकिंग येथे तिच्या दाहिनीत पहिले दहन झाले.

११/ आणि उलट दिशेने गेलेल्या अस्थी? डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निधन पावल्या. त्यांची रक्षा अमेरिकेत थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. एकवीस वर्षांच्या मराठी मुलीच्या अस्थी कुठल्याही नदीत न जाता समुद्रापार एका मैत्रीच्या घरी विसावल्या. परदेशातील मराठी कुटुंबे आज जो प्रश्न सोडवत बसतात, म्हणजे अस्थी इथे ठेवायच्या की तिथे न्यायच्या, तो इतका जुना आहे.

१२/ अस्थिकलश हे सार्वजनिक, राजकीय प्रतीक बनले ते मुख्यतः १९४८ नंतर. गांधीजींच्या अस्थी अनेक कलशांत विभागून देशभर पाठवल्या गेल्या. सर्वच विसर्जित झाल्या असे नाही. कटकच्या बँकेच्या तिजोरीत राहिलेला एक कलश १९९७ मध्ये प्रयागला विसर्जित झाला. सातपुड्यापलीकडे, बडवानीजवळ नर्मदाकाठी १९६५ मध्ये गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई या तिघांच्या अस्थींचे स्मारक झाले. सरदार सरोवराचे पाणी चढू लागल्यावर २०१७ मध्ये ते हलवावे लागले. स्थिर म्हणून बांधलेल्या समाधीलाही धरणाने विस्थापित केले.

१३/ विद्युतदाहिनीने मडक्याच्या कामात बदल केला. वि. दा. सावरकर यांच्या इच्छेनुसार १९६६ मध्ये त्यांचे दहन मुंबईच्या चंदनवाडीतील विद्युतदाहिनीत झाले. चितेच्या राखेतून घरची माणसे अस्थी वेचतात, तेव्हा त्यांचे हात राखेत असतात. दाहिनीतून मात्र कर्मचारी अस्थी काढून देतो. ‘सावडणे’ हे क्रियापद तिथे पुरते लागू पडत नाही.

१४/ आता कलशाच्या आकाराचे एक गणित, कारण ऑनलाइन खरेदीत गोंधळ होतो तो इथेच. अमेरिका-युरोपात दहनानंतर अस्थी यंत्रात दळून पूड करतात आणि ती सगळी कलशात भरतात. त्यासाठी प्रौढ व्यक्तीमागे सुमारे तीन लिटरचे भांडे लागते. महाराष्ट्रात रक्षा बहुधा पाण्यात सोडतात आणि वेचक अस्थीच मडक्यात घेतात. लहान भांडे पुरते. तिकडचा कलश कायम ठेवण्यासाठी, इकडचा काही दिवसांच्या मुक्कामासाठी. पूर्वी तर अस्थींचे मडके घरातही आणत नसत. स्मशानातल्या झाडाला टांगून ठेवत.

१५/ अमेरिकेत कलश हा स्वतंत्र माल कसा झाला? १९८४ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनचा नियम लागू झाला : अंत्यविधी करणाऱ्या व्यावसायिकाने प्रत्येक गोष्टीची वेगळी किंमत सांगायची. बाहेरून आणलेल्या शवपेटीवर वेगळे शुल्क आकारण्यासही १९९४ मध्ये बंदी आली. शोकाकुल ग्राहकाला एकाच दुकानाशी बांधणारी साखळी तुटली आणि इंटरनेटवरच्या विक्रेत्यांना वाट मिळाली. त्या बाजारासाठी पितळी कलश घडवणारे मोठे केंद्र म्हणजे उत्तर प्रदेशातील मुरादाबाद. तिथले कारागीर अमेरिकन मापाचे कलश निर्यात करत आले. तोच माल आता देशी संकेतस्थळांवरही दिसतो. खानदेशातील ग्राहकाला कधीकधी तीन लिटरचा, गुलाबाच्या नक्षीचा कलश दिसतो, त्याचे कारण हे.

१६/ कोविडकाळाने ही वाट रुंद केली. प्रवास बंद, नातलग विलगीकरणात, स्मशानांत अस्थींची गाठोडी थकलेली. २०२१ मध्ये भारतीय टपाल खात्याने एका संस्थेच्या सहकार्याने स्पीड पोस्टाने अस्थी पाठवण्याची सोय केली : वाराणसी, प्रयागराज, हरिद्वार, गया. २०२२च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या व्यापार मेळ्यात मुंबईच्या एका अंत्यविधी-व्यवस्थापन कंपनीने सजवलेली तिरडी मांडली, तेव्हा समाजमाध्यमांवर थट्टेचा पूर आला. थट्टा करणाऱ्यांनी एक प्रश्न टाळला : एकुलता मुलगा परदेशी, शेजारी ऐंशीचे, तर खांदा कोण देणार?

१७/ कायद्याची गंमतही पाहण्याजोगी. जीएसटी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार अंत्यसंस्काराची सेवा ही ‘वस्तूही नाही आणि सेवाही नाही’, म्हणून करमुक्त. तांब्याचा कलश मात्र इतर तांब्याच्या भांड्यांसारखाच करपात्र. मातीचे मडके पुन्हा करमुक्त. आश्वलायनाच्या विधीचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळा रकाना दिला आहे.

१८/ जळगाव-धुळ्याच्या दैनिकांतील निधनवार्तांत आजही ‘गंधमुक्ती’ आणि ‘उत्तरकार्य’ हे शब्द छापले जातात. खेड्यात तिरडी अजून भाऊबंदच बांधतात. परंतु मर्तिकाच्या सामानाच्या दुकानात मडके आता बांबू-सुतळीसोबत एकगठ्ठा मिळते आणि ते गावच्या कुंभाराचे असेलच असे नाही. बलुते संपले, प्लॅस्टिक-स्टीलने रोजची भांडी नेली, कुंभाराकडे उरलेल्या मोजक्या हक्काच्या मागण्यांपैकी मर्तिकाचे मडके ही एक होती. तांब्याच्या कलशाने धक्का लागतो तो तिला.

१९/ दुसरीकडे, खानदेशासह महाराष्ट्रात अनेक कुटुंबे रक्षा नदीत न सोडता स्वतःच्या शेतात खड्डा घेऊन तीत झाड लावू लागली आहेत. नदी वाचावी हा हेतू. ‘परंपरा मोडली’ अशी कुजबुज होते. खड्ड्याची परंपरा गृह्यसूत्रात आहे, हे कुजबुजणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते.

२०/ राहता राहिला एक व्यावहारिक प्रश्न. मातीचे मडके संगमावर फुटते, मातीत मिसळते. तांब्याचा कलश फुटत नाही. प्रकाशा असो वा रामकुंड, अस्थी सोडल्यावर रिकामा कलश हातात उरतो. कोणी तो गुरुजींना देतात, कोणी पाण्यात टाकतात, कोणी घरी आणून माळ्यावर ठेवतात. नाव कोरलेला असेल तर तो कोणालाच नको असतो. आश्वलायनाने याविषयी काही सांगितलेले नाही. त्याचा कुंभ अलक्षण होता आणि तो परत यायचा नव्हता.