मरीची पहिला की शेवटचा?

माझ्या एका जुन्या वहीत सप्तर्षींची आकृती आहे. तीत ‘अल्फा – मरीची, बीटा – वसिष्ठ’ असे मीच लिहून ठेवले आहे. सात ऋषी, सात ग्रीक अक्षरे. क्रमाने जुळवून टाकली. गच्चीवर जमणाऱ्या कितीतरी मुलांना मी याच वहीवरून तारे दाखवले.

चूक उघडी पाडली ती अरुंधतीने. लग्नात अरुंधतीदर्शन असते, त्यामुळे ती वसिष्ठाजवळ असते हे घरोघरी ठाऊक. हा अंधुक तारा शेपटीतल्या मधल्या ताऱ्याला खेटून आहे आणि त्या ताऱ्याचे अक्षर आहे झीटा, म्हणजे सहावे. बीटाजवळ डोळ्यांना दिसेल असा जोडीदारच नाही.

मग वराहमिहिराची बृहत्संहिता काढून बसलो. सहाव्या शतकातल्या या ग्रंथाच्या सप्तर्षिचार अध्यायात क्रम पूर्वेकडून दिला आहे : मरीची, वसिष्ठ, अंगिरस, अत्री, पुलस्त्य, पुलह, क्रतू. पूर्वेचे टोक म्हणजे शेपटीचे टोक. जर्मन वकील योहान बायर याने १६०३ साली ‘युरानोमेट्रिया’ हा नकाशासंग्रह काढला, तेव्हा एरवी साधारण तेजस्वितेप्रमाणे अक्षरे देणारा हा गृहस्थ इथे मात्र चौकोनाकडून शेपटीकडे सरळ चालत गेला. म्हणून आपला शेवटचा क्रतू त्याचा अल्फा, आणि आपला पहिला मरीची त्याचा ईटा. सातांत सर्वांत तेजस्वी अंगिरस, तर तो पाचवा! दोन्हीकडून चौथा येतो तो अत्री, सातांतला सर्वांत मंद. माझ्या वहीत तेवढा एकच बरोबर होता, तोही योगायोगाने.

अरबी नावांची तऱ्हा वेगळी. दुभे म्हणजे अस्वल, फेक्दा मांडी, मेग्रेझ शेपटीचा बुंधा. टॉलेमीच्या अस्वलाचे अवयवच ते. पण मरीचीचे अल्काइद, म्हणजे ‘पुढारी’, हे नाव अस्वलाचे नाही. जुन्या अरबांना या चार ताऱ्यांत तिरडी दिसे आणि उरलेल्या तिघांत शोक करणाऱ्या मुली. हा पुढारी त्या मुलींचा. माझी आजी याच चार ताऱ्यांना खाटलं म्हणे आणि तिघांना चोर. मध्य भारतातले गोंडही खाट आणि चोरच सांगतात. शतपथ ब्राह्मणात सप्तर्षींना पूर्वी ‘ऋक्ष’ म्हणत असा उल्लेख आहे आणि ऋक्ष म्हणजे अस्वल. पण त्याच शब्दाचा अर्थ तारा असाही होतो, तेव्हा त्यावरून ग्रीकांशी नाते लावण्याची घाई मी करणार नाही.

गच्चीवरच्या त्या मुलांपैकी एकजण आता शाळेत भूगोल शिकवतो. मागच्या महिन्यात त्याला फोन करून चूक सांगितली. तो क्षणभर गप्प राहिला. म्हणाला, “काका, मी दर वर्षी फळ्यावर तीच आकृती काढतो.”