वल्द, जौजे आणि मुसम्मात

भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरसारख्या गावात मुस्लिम कुटुंबाची वंशावळ शोधायला निघालात की पहिली अडचण नावाचीच येते. शेख, पठाण, सय्यद यांवरून घर ओळखता येत नाही. कबरी कच्च्या, त्यांवर नाव नसते. उरतो सरकारी कागद. तो एका वेळी दोनच पायऱ्या दाखवतो : अमका वल्द तमका. आजोबांसाठी दुसरा कागद, पणजोबांसाठी तिसरा.

हा भाग नागपूरकर भोसल्यांचा. 1853 मध्ये तिसरे रघूजी वारले, पाठोपाठ राज्य खालसा झाले. 1861 मध्ये मध्य प्रांत बनला. जिल्हा मुंबई राज्यात आला तो थेट 1956 मध्ये. म्हणून पुणे-साताऱ्याचे जाणकार सांगतात ते दप्तर इथे शोधून उपयोग नाही. इथे मालगुजारी होती. बंदोबस्ताच्या मिसली, अधिकार अभिलेख, कोतवाल बुक आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, ही आपली साधने. कोतवाल बुकात अनेकदा बाळाचे नावच नसते. अमक्याला मुलगा झाला, एवढेच. अकीका व्हायच्या आधीच नोंद होऊन गेलेली!

मात्र उर्दू येणाऱ्याला या दप्तरात परके वाटत नाही. वल्द, साकिन, मौजा, जौजे, बेवा हे शब्द शेजारच्या कुणब्याच्या नोंदीतही तसेच आहेत. त्याच्या आजीच्या नावामागेही ‘मुसम्मात’ लागलेले दिसते. वर्गात मी हे शब्द मराठीच्या तासाला शिकवतो आणि उर्दूच्याही.

हा शोध केवळ हौसेचा नाही. इतर मागासवर्गात येणाऱ्या मोमीन, पिंजारी अशा जमातींच्या मुलांना जात पडताळणीत 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात, सोबत वंशावळीचे शपथपत्र. आणि जुन्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात लिहिलेले असते नुसते ‘मुसलमान’. मास्तरांनी धर्म लिहिला, पंजोबांचा धंदा लिहिला नाही. अशा वेळी चुलत पणजोबांच्या एखाद्या नोंदीत ‘पिंजारी’ सापडले, तर नातवाचा प्रवेश वाचू शकतो. पण ते आपलेच चुलत पणजोबा, हे वंशावळीनेच सिद्ध करावे लागते.

या शपथपत्रांत मला एक गोष्ट खटकते. वडिलांकडचे पुरुष तेवढे मांडायचे, म्हणून मुली गळतात. शरियतने मुलीला वारसा दिला. मध्य प्रांतातही 1875 च्या कायद्याने मुसलमानांच्या वारशाला मुस्लिम कायदाच लावला होता. तेव्हा आजी-पणजी शोधायच्या तर शाळेचे रजिस्टर बाजूला ठेवावे आणि जमिनीचे वारस फेरफार काढावेत. वडील वारल्यावर बहिणींची नावे तिथे लागलेली असू शकतात. थोड्याच वर्षांनी हक्कसोड होऊन ती कमीही झालेली असतील. त्या हक्कसोडीच्या कागदावर तिचे नाव, नवऱ्याचे नाव आणि सासरचे गाव असते. तिच्या लेकरांचा पत्ता लावायला तेवढे पुरते.